लातूरहून होडीनं लोखंड आणायला गेलो त्याची गोष्ट

व्हालहाइम या गेममध्ये पहिल्यांदा स्वॉम्पला, म्हणजे लोखंड मिळतं त्या दलदलीत, निघालेले असाल तर हे आधी वाचा, आमची जी गत झाली ती तुमची नको. आम्ही चौघं. मी लातूरचा, दाजी नांदेडचे, एक दोस्त पैठणचा आणि आतेभाऊ पुण्याला नोकरीला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आमचं, होडीचा आणि आपला संबंध काय. पैठणवाला म्हणला मी नाथसागराच्या काठचा, सुकाणू माझ्याकडं. कुणी वाद घातला नाही. घालायला पाहिजे होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, स्वीडनच्या आयर्न गेटचा गेम आहे, २ फेब्रुवारी २०२१ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, आला, एका दुनियेत १० जणांपर्यंत खेळता येतं. दुनिया सीडवरून, म्हणजे एका कोडवरून, तयार होते, म्हणून कुणाला 'स्वॉम्प कुठंय' विचारून उपयोग नाही, त्याचा सीड वेगळा तुमचा वेगळा. आमच्या बेटावर मेडोज (गवताळ माळ) आणि ब्लॅक फॉरेस्ट (दाट जंगल) सोडून काहीच नव्हतं. एल्डर नावाच्या बॉसला मारून क्रिप्टची, म्हणजे स्वॉम्पातल्या लोखंडाच्या तळघराची, चावी मिळाली, पण क्रिप्टच नाही, म्हणजे ताळा एका गावात न चावी दुसऱ्या गावात.

आता होडीच का, तर पोर्टलमधून, म्हणजे दूरच्या दोन जागा जोडणाऱ्या दारातून, माणूस जातो पण धातू जात नाही. सेटिंगमध्ये बदलता येतं हे, पण दाजी म्हणले तसं खेळायचं असंल तर मी झोपतो. दाजींपुढं कोण बोलणार.

होडी म्हणजे कार्व्ह. तिला ३० फाईन वूड, १० हरणाची कातडी, २० रेझिन आणि ब्राँझचे ८० खिळे लागतात. खिळ्यांना घाबरू नका, एका ब्राँझमधून २० निघतात, म्हणजे चारच ब्राँझ. आत ४ खाने आहेत, खान्यात ३० लोखंड, एकूण १२० चा माल. अंगावर ३०० वजन झेपतं आणि कच्चं लोखंड १० चं एक, त्यामुळं खिशात भरून आणू हा विचार सोडा.

सोबत काय न्यायचं यात आम्ही एकच गोष्ट बरोबर केली, पोर्टलचं सामान नेलं. २० फाईन वूड, ग्रेड्वार्फचे १० डोळे, २ सर्टलिंग कोअर. उतरल्या उतरल्या काठावर वर्कबेंच, पोर्टल आणि चौघांच्या खाटा टाकल्या. खाट क्लेम करा, नुसती ठेवू नका. म्हणजे मेलात तरी तिथंच उठता, आणि मरणार तर आहातच. विषावरची मीड (पेय) मात्र विसरलो. ती घरनं निघायच्या आधी लावायची, मध, थिसल, नेकची शेपटी, कोळसा, आणि फर्मेंटरमध्ये आंबायला ४० मिनिटं जातात. स्वॉम्पातले ब्लॉब (लिबलिबीत राक्षस) नुसते जवळ आले तरी विष चढतं आणि आम्ही चौघं माशा मेल्यासारखे मेलो.

जाताना वारा तोंडावर. शीड गुंडाळून वल्ह्यानं तासभर सरकत होतो, पैठणवाला म्हणायलता नाथसागरात असं होत नाही. सकाळीच निघा, रात्र भर समुद्रात झाली की सर्पंट, म्हणजे समुद्री साप, येतो. आम्हाला आला, होडी निम्मी खाल्ली, काठावर वर्कबेंच टाकून हातोडीनं नीट केली.

स्वॉम्पमध्ये पाण्यात पाय घालू नका, जळवा आहेत. झाडांच्या मुळांवरून चाला नाहीतर फावड्यासारख्या अवजारानं (गेममधलं hoe) दगड टाकून वाट उचलून घ्या. एक मोठा ओंडका दिसला, दाजी त्याच्यावर कुऱ्हाड मारायला गेले, ओंडका उठून उभा राहिला. अबॉमिनेशन होतं ते. आतेभाऊ असता तर मी काय ओरडलो असतो ते इथं लिहिता येणार नाही, पण दाजी होते, म्हणून 'दाजी, जरा मागं व्हा' एवढंच निघालं तोंडातून, तेवढ्यात दाजींचं थडगं झालं. गड्याला आग सोसत नाही, फायर ॲरो न्या.

दोन क्रिप्ट खणले. तिघांकडं ३०-३०, माझ्याकडं २८. सगळं होडीत टाकलं, वारा मागून, गाणी म्हणत निघालो.

रात्री साडेअकराला गेममध्ये वादळ आणि बाहेर वळीव, दोन्ही एकदम. पत्र्यावर गारा वाजायला लागल्या आणि लाईट गेली. दुनिया माझ्या पीसीवर होस्ट, म्हणजे माझा पीसी बंद तर सगळ्यांचा खेळ बंद. इन्व्हर्टर आहे घरी, पण त्यावर पंखे आणि राऊटर, पीसी नाही. म्हणजे नेट चालू, होस्टच गेला. फोनवर तिघंही 'कामून बंद पडलं' विचारायलेत.

दीड वाजता लाईट आली. आता नीट बघा काय होतं ते. लाईट गेली की दुनिया शेवटच्या ऑटोसेव्हला मागं जाते, आणि आमचा शेवटचा सेव्ह माल होडीत टाकायच्या आधीचा. होडी परत स्वॉम्पच्या काठाला, रिकामी. पण बाकीच्यांची कॅरेक्टरं ज्याच्या त्याच्या पीसीवर, नेट तुटलं त्या क्षणाची. त्यांचे खिसे रिकामे, कारण त्यांनी माल होडीत टाकला होता. माझं कॅरेक्टर तेवढं जुन्या सेव्हवरचं, खिशात २८ लोखंड घेऊन काठावर कोरडं उभं. आणि ते तिघं जिथं तुटले तिथंच उगवले. भर समुद्रात, होडीशिवाय.

दाजी एकदम शांतपणे म्हणले, "मी बुडायलोय."

पोहत पोहत स्टॅमिना संपला न तिघं एकामागून एक गेले. ९० लोखंड कुठंच नाही, ना होडीत ना खिशात ना क्रिप्टात.

तर होस्ट निवडताना कुणाचा पीसी भारी ते बघू नका, कुणाच्या पीसीला इन्व्हर्टर आहे ते बघा. मे-जून असंल तर लॅपटॉपवाला घ्या. आणि माल होडीत टाकला की लंगर टाकल्यासारखं थांबा, सगळ्यांनी बाहेर पडा, होस्टनं शेवटी पडायचं, पडताना सेव्ह होतं, मग परत आत या. दोन मिनिटांचं काम आहे. आता आमचा होस्ट पुण्याचा आतेभाऊ आहे आणि त्याचा रुबाब विचारू नका.

माझ्या २८ मधल्या २० ची दाजींची कुदळ झाली. उरलेलं ८ पेटीत पडून आहे, मला हात लावू देत नाहीत.