भोकाचा पैसा

मे महिन्यातली दुपार. कूलरच्या खडखडाटात डोळा लागत नव्हता, तेवढ्यात पुतण्या घामाघूम होऊन दारात. "काका, पाहा ना, काय होय हे?"

त्यानं ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवलाय. इंग्लंडातली माणसं कानाला हेडफोन लावून शेतं हुंगत फिरतात, ते व्हिडिओ पाहून. सोनं त्यांनाही क्वचितच लागतं. फ्रान्सचं दहा सेंटीमचं नाणं मात्र लागतं. आकारानं जवळपास पेनीएवढं, म्हणून एके काळी तिथं पेनी म्हणून खपून जायचं. आमच्या पठ्ठ्यानं यंत्र नेलं गढीमागच्या पांढरीवर. गावात लगेच गुप्तधनाची कुजबूज. निघालं काय, तर वखराच्या पासेचा तुकडा, बैलाची नाल अन् हा भोकाचा पैसा.

आजीकडे अशा पैशांची सुतळीत ओवलेली माळच होती. त्यातला एक माझ्या करदोड्यात. आंघोळीनंतर तो पोटाला थंडगार चिकटायचा. भोकातून सूर्य पाहिला की डोळे जातात, म्हणायची. मी पाहिला. चष्मा चाळिशीनंतर लागला, तेव्हा तो यात धरत नाही.

सापडलेलं नाणं चिंचेनं घासल्याशिवाय मला चैन पडत नाही. जाणकार म्हणतात, घासू नये, किंमत जाते. माझ्या हाती किमतीचं लागतंय कुठं! घासल्यावर मुकुट दिसला, सहाव्या जॉर्जचं नाव दिसलं. उलटवलं तर भोकाच्या दोन्ही बाजूंना हत्तीचे सुळे. ईस्ट आफ्रिका, 1942, एक सेंट! तिकडं शंभर सेंटांचा शिलिंग. तेव्हाच्या भावानं हा आपला अर्धा पैसाही भरत नाही. म्हणजे कधीतरी बाजारात कोणीतरी कोणाला तरी अर्ध्या पैशाला गंडवलं असणार. आमच्या आजीलाही असेल. ती अक्षरं वाचून थोडीच, भोक पाहून पैसा ओळखायची.

"कलेक्टरले सांगा लागते का?" पुतण्या घाबरलेला. 1878 चा कायदा आहे खरा. पुरलेलं धन दहा रुपयांच्या वर गेलं तर कळवायचं.

"झोपू दे बे त्यायले," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यानं कूलरच्या स्टँडचा ढिला नट काढला, खाली तो सेंट सरकवला अन् आवळला. वायसर म्हणून बरोबर बसला. रात्री मीच दोनदा उठून पाहिलं, कूलर चालू आहे ना म्हणून.