तळ्यात की मळ्यात

ज्या राज्यानं 2001 साली रीतसर ठराव करून जेलीला आपला अधिकृत खाऊ ठरवलं, तिथल्या माणसांना विनोदाचं वावडं आहे असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन लोकांचा, म्हणजे जोसेफ स्मिथनं काढलेल्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचा, स्वतःवर हसण्याचा हक्काचा विषय म्हणजे हिरवी जेली. चर्चच्या जेवणावळीत ती किसलेल्या गाजरासकट थरथरत येते. 2002 साली इथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिचा बिल्ला निघाला, तो मिळवण्यासाठी लोक धडपडत होते. आम्ही सॉल्ट लेकच्या खोऱ्यात राहायला आलो तेव्हा पलीकडच्या घरातल्या आजी ताटलीभर जेली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खा किंवा हसा. आम्हाला दोन्ही चालतं."

त्या वाक्यावर भिस्त ठेवून मी त्यांना एल्ना बेकरचं आत्मकथन वाचायला दिलं. 2009 सालचं पुस्तक. 'द न्यूयॉर्क रीजनल मॉर्मन सिंगल्स हॅलोविन डान्स' असं मालगाडीएवढं नाव. विशीतली मॉर्मन मुलगी न्यूयॉर्कमध्ये राहते. दारू नाही, सिगरेट नाही, कॉफी नाही, लग्नाआधी तर काहीच नाही. खेळण्यांच्या दुकानात परिचारिकेच्या वेशात बाहुल्या 'दत्तक' द्यायची नोकरी करते, पस्तीसेक किलो वजन उतरवते आणि मग प्रेमात पडते ती देव न मानणाऱ्या मुलाच्या. मधेमधे दरवर्षी अविवाहित मॉर्मनांचा तो हॅलोविनचा नाच, विचित्र पोशाखांतला. भयंकर हसवणारं पुस्तक आहे. मी रात्री वाचताना हसत होते तर नवऱ्यानं उशी घेऊन दुसऱ्या खोलीत मुक्काम हलवला.

आजींनी पुस्तक परत केलं ते घरच्या पावासोबत. नाचाचं प्रकरण त्यांनी मला उभ्या उभ्या वाचून दाखवलं, हसून डोळे पुसले. मग घरी येऊन मी पानं चाळली तर काय, पुस्तकातली प्रत्येक शिवी पेन्सिलीनं अलगद खोडलेली. रागानं खोडलं नव्हतं, पट्टी लावून सरळ रेघ मारली होती. याच राज्यातली क्लीनफ्लिक्स नावाची कंपनी सिनेमांतले नको ते प्रसंग कापून 'स्वच्छ' प्रती भाड्यानं द्यायची. 2006 साली कोर्टानं ते बंद पाडलं, पण वृत्ती कोर्टाच्या हुकमानं थोडीच जाते!

"मुलगी गुणी आहे," आजी म्हणाल्या. "पण शेवटाला काहीतरी राहून गेलंय. तिनं प्रार्थना करून विचारायला हवं होतं. उत्तर मिळालं असतं."

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचं म्हणणं कळायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक उपास करतात आणि त्या दिवशीच्या सभेत प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्यानं उठून पुढे जायचं आणि आपली साक्ष द्यायची. मी एकदा आजींच्या आग्रहानं गेले होते. शेतकरी उठला, दंतवैद्य उठला, चार वर्षांची चिमुरडी उठली आणि तिच्या कानात आई कुजबुजत होती ते ती माइकमध्ये म्हणत होती. सगळ्यांचं वाक्य एकच. हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. 'माझी श्रद्धा आहे' असंसुद्धा फारसं कोणी म्हणत नाही, थेट 'माहीत आहे'. पाच-पन्नास माणसं ओळीनं येऊन 'मला माहीत आहे' म्हणतात त्या सभागृहात 'मला नक्की नाही बुवा' म्हणायला किती लागत असेल, हे मला त्या बाकावर बसून कळलं. एल्ना बेकर ते म्हणते, आणि वर हसवते.

हसण्याबद्दल त्यांच्या धर्मवचनांतच गोची आहे. 1831 सालच्या एका वचनात रविवार आनंदी चेहऱ्यानं पाळा म्हटलंय, पण फार हसू नका, ते पाप आहे. किती म्हणजे फार, हे दिलेलं नाही. त्यामुळे प्रत्येकानं आपापलं माप ठरवलेलं असतं. जे. गोल्डन किंबॉल नावाचे त्यांचे एक वरिष्ठ धर्माधिकारी 1938 साली वारले. तरुणपणी खेचरं हाकत असल्यामुळे तोंडात शिव्या बसलेल्या, त्या व्यासपीठावरूनसुद्धा सुटायच्या, आणि लोक फक्त त्यांना ऐकायला गर्दी करायचे. आजींकडे त्यांचे किस्से डझनाने आहेत. ते सांगताना त्या शिव्या गाळत नाहीत. मी विचारलं, मग त्या बिचाऱ्या मुलीच्याच का खोडल्या? त्या म्हणाल्या, "किंबॉल तर आमचे आजोबाच. त्यांना सगळं माफ."

बाहेरच्यांच्या विनोदाचंही त्यांना फारसं लागत नाही, ही मला गंमत वाटते. मार्क ट्वेननं 1872 साली त्यांच्या धर्मग्रंथाला, 'बुक ऑफ मॉर्मन'ला, छापील क्लोरोफॉर्म म्हटलं. आजी ते स्वतःच ऐकवतात. 2011 मध्ये त्याच ग्रंथाच्या नावानं ब्रॉडवेवर अतिशय शिवराळ संगीतिका आली, तिला नऊ टोनी पुरस्कार मिळाले. चर्चनं मोर्चे काढले नाहीत की काचा फोडल्या नाहीत. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वतःची जाहिरात दिली: नाटक पाहिलंत, आता पुस्तक वाचा. इतकं शांत उत्तर मी दुसऱ्या कोणत्याच धर्माचं पाहिलेलं नाही. बाहेरचा हसला तर त्याला काय, माहीत नसतं. पण घरातली मुलगी हसली की तिला माहीत असूनही ती हसली, हा हिशेब वेगळा होतो.

त्यानंतर पुस्तक माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे गेलं. तो याच राज्यातल्या प्रोव्हो शहराजवळचा, सहा भावंडांतला चौथा, परदेशात दोन वर्षं धर्मप्रचार करून आलेला आणि तिशीत चर्च सोडलेला. मला वाटलं, याला तर फारच आवडेल. त्यानं ते दोन रात्रीत संपवलं आणि परत केलं ते समासात लाल पेनानं लिहून. आजींच्या पेन्सिलीखालच्या शिव्या त्यानं एकेक करून पुन्हा वर लिहिल्या होत्या, काही ठिकाणी अधिक चांगल्या सुचवल्या होत्या.

तो चिडला होता. "ही फार गोड बोलते," म्हणाला. "मी जिथे रडलो तिथे ही विनोद करते."

चर्च सोडलेल्यांच्या बोलण्यात एक फळी नेहमी येते. लहानपणापासून पडलेले प्रश्न त्या मनातल्या फळीवर ठेवत जायचे, नंतर बघू म्हणून. जोसेफ स्मिथच्या अनेक बायका, सोन्याच्या पत्र्यांवरचा तो ग्रंथ, 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नव्हतं ती गोष्ट. मग एक दिवस वजन सोसत नाही. माझी फळी अमुक साली मोडली, असं ते सहज बोलून जातात, जसं कुणी अमुक साली पाय मोडला म्हणेल. त्याची मोडली तेव्हा त्याचे वडील त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. मग त्याला या पुस्तकातली वाकलेली पण न मोडलेली फळी बघून राग येणार, तो मला समजू शकतो. त्याचंही म्हणणं शेवटाबद्दलच होतं. तिनं सोडायला हवं होतं. सगळे पुरावे समोर असून शेवटी ती दारातच उभी.

म्हणजे बघा. एकीला वाटतं, ती आत यायला हवी होती. दुसऱ्याला वाटतं, ती बाहेर पडायला हवी होती. पुस्तक दोघांनाही आवडलेलं, हसू दोघांनाही आलेलं, आणि राग दोघांचा एकाच पानावर. लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो. रेघेच्या अलीकडे तळं, पलीकडे मळा. चुकीच्या बाजूला उडी मारलीस तरी एक वेळ तुझ्यावर हसतील, पण रेघेवर पाय पडला की सगळे एका सुरात आउट, आउट. वाचकांचं अगदी तसंच आहे. संतचरित्र चालतं, बंडखोराचं चरित्र चालतं. ठरलं नाही म्हणणाऱ्याला मात्र कोणी पुरतं क्षमा करत नाही. आणि माझं तर असं मत झालंय की हे पुस्तक विनोदी आहे ते केवळ ती रेघेवर आहे म्हणून. खात्री झालेला माणूस, इकडची असो की तिकडची, थोड्याच वेळात प्रवचन करायला लागतो. माझा सहकारी चर्चविरुद्ध बोलताना अगदी साक्ष देणाऱ्या शेतकऱ्यासारखा दिसतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तिसरी वाचक तिशीची, आजींच्याच वॉर्डातली. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी. घराच्या पत्त्यावरून ठरते, निवडता येत नाही. ही दर रविवारी मुलांना घेऊन जाते, पियानो वाजवते आणि दर गुरुवारी पंधरा मैल गाडी हाकत जाऊन दुसऱ्या गावात कॉफी पिते. इथं कॉफीची तहान भागवायला सोडा-फाउंटनची दुकानं आहेत. डाएट कोकमध्ये नारळाचं सिरप आणि लिंबू पिळून हंडाभर पेय देतात, त्याला 'डर्टी सोडा' म्हणतात. गाड्यांची रांग लागते. पण तिला कॉफीच लागते. ती मला तिथे भेटली, मी कोणाला सांगणार नाही याची तिला का खात्री वाटली कोण जाणे. तिला पुस्तक दिलं. पेन्सिल आणि लाल पेन दोन्ही सकट. तिनं ते अजून परत केलेलं नाही आणि तिची प्रतिक्रिया मला एकाच वाक्यात कळली आहे: "समास जास्त मजेशीर आहे."

मधल्या काळात माझी आई साताऱ्याहून आली होती. तिला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून भाजी निवडता निवडता मी तिला गोष्ट सांगितली. त्याच सुमारास पांढऱ्या शर्टातली दोन प्रचारक पोरं दारात आली. आईनं बसवलं, आधण टाकलं, आल्याचा वास घरभर गेला, आणि पोरं विनयानं म्हणाली की आम्ही चहा पीत नाही. 1833 सालचा त्यांचा नियम आहे. आईला इतका अपमान लग्नात मानपान चुकल्यावरही वाटला नसता. शेवटी लिंबू सरबतावर तडजोड झाली. पोरांनी तांब्या संपवला. ती गेल्यावर आई म्हणाली, "चहा नाही, कॉफी नाही, घरच्यांचं दर्शन नाही. दोन वर्षं ही लेकरं तग धरतात कशावर?" आणि मग एकदम, "त्या पुस्तकवालीनं लिहायच्या आधी आईला विचारलं होतं का गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी लक्ष्मीबाई टिळकांना मधे घातलं. आईनं 'स्मृतिचित्रे' किती वेळा वाचलंय याची गणती नाही. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला, बाईंवर आभाळ कोसळलं आणि तरी लिहिताना त्यांनी सोवळ्याचीही गंमत केली, टिळकांचीही केली आणि सर्वांत जास्त स्वतःची. त्यांनी कुठे विचारलं होतं कोणाला? आई हार जाणारी नव्हे. "लक्ष्मीबाईंनी छापलं तेव्हा टिळक जाऊन पंधरा वर्षं झाली होती," ती म्हणाली. "आणि त्यांचं ठरलेलं होतं. बाप्तिस्मा घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. या मुलीचं तर अजून सगळं शिजतंय, आणि ही पाहुण्यांना वाढायला निघाली."

हा आक्षेप मला आजवर ऐकलेल्या सगळ्यांत जड वाटतो. मी अजून त्यावर उत्तर शोधते आहे.

खरं तर शिजून झालंही आहे. पुस्तक आल्यानंतर काही वर्षांनी एल्ना बेकरनं चर्च सोडलं. हे मी सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला माहीतच होतं; "मग? मी काय म्हणत होतो?" असा चेहरा करून त्यानं कॉफीचा कप उंचावला. पण त्याला फार आनंद झाल्यासारखा दिसला नाही. जिंकल्यावर भांडायला पुस्तक उरत नाही.

आजींना सांगायचं मी टाळत होते. त्यांच्या फ्रिजवर एक चुंबक आहे, डीटर उख्तडॉर्फ या त्यांच्या जर्मन धर्मनेत्याचं 2013 सालचं वाक्य: श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या. हे गृहस्थ आधी लुफ्तान्साचे वैमानिक होते. वाक्यही सीटबेल्टच्या सूचनेसारखं सौम्य आणि ठाम आहे. त्या फ्रिजसमोर उभं राहून मी एकदाचं सांगितलं. आजी गप्प झाल्या. नातवाचा डबा भरत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पुस्तक परत दे मला. मला पुन्हा वाचायचंय. पहिल्या वेळी मी नुसती हसत होते. कुठे दिसायला हवं होतं ते बघते."

आता आली पंचाईत. पुस्तक त्यांच्याच वॉर्डातल्या पियानोवालीकडे, तिच्याकडे आहे हे सांगायची सोय नाही, आणि आणून द्यावं तर समासभर लाल शाईतल्या शिव्या. मी म्हटलं, कोणीतरी नेलंय, आता आठवत नाही कोणी. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की पाच मुलं वाढवलेल्या बाईला खोटं ओळखायला चुंबक लागत नाही हे कळलं. काही बोलल्या नाहीत. रविवारी दुपारी येऊन सांगून गेल्या की नवी प्रत मागवली आहे, गुरुवारपर्यंत येईल. तक्रार एवढीच होती की पट्टी-पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून बसावं लागणार.