नकाशावरचा आमचा ठिपका

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा शहराच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर आमचं घर. ईपीबी ही चॅटनूगा शहराच्या मालकीची वीजकंपनी. 2010पासून ती घरोघरी एक गिगाबिटचं फायबर देते. तिच्या स्मार्ट वीजजाळ्याला केंद्राचे सुमारे 11 कोटी डॉलर मिळाले होते. ते फायबर आमच्या अलीकडच्या वळणावर थांबतं. शहराच्या वीजकंपनीनं स्वतःच्या वीजहद्दीबाहेर इंटरनेट द्यायचं नाही, असा राज्याचा कायदा आहे.

फेब्रुवारी 2015मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकानं, तीन विरुद्ध दोन मतांनी ही अट उठवली, तेव्हा मी घरी शिरा केला होता. ऑगस्ट 2016मध्ये अपील न्यायालयानं तो आदेश रद्द केला. राज्यानं आपल्याच नगरपालिकांना घातलेला लगाम कमिशनला काढता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. मला ते आजही पटत नाही.

नोव्हेंबर 2022मध्ये कमिशनचा नवा नकाशा आला, कुठल्या घरी कोण इंटरनेट देतं ते दाखवणारा. त्यावरून इंटरनेट पोचवण्यासाठीचे 4,245 कोटी डॉलर राज्यांमध्ये वाटले जाणार होते. पत्ता टाकला, तर आमच्या छपरावरच्या ठिपक्याखाली एका खासगी कंपनीचं नाव. तिनंच मला ‘तुमच्याकडे लाइन नाही’ असं कळवलं होतं!

नकाशावरचा आक्षेप 13 जानेवारीच्या आत हवा होता. घरून पुराव्याचा फोटो चढेना. शेवटी रात्री नऊला लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मागच्या सीटवर लेक ब्लँकेट गुंडाळून गणितं सोडवत होती, मी मांडीवरच्या लॅपटॉपवर फॉर्म भरत होते. कारण निवडलं, ‘मागणी करूनही सेवा नाकारली’. तारीख टाकली, कंपनीचा ईमेल जोडला. तुम्हालाही हे करायचं असेल तर एक करा: कंपनीचा नकार लेखी घ्या. फोनवरचं बोलणं पुढे दाखवता येत नाही.

कंपनीला उत्तराला 60 दिवस असतात. मुदत संपता संपता ईमेल आला, आक्षेप मान्य. ठिपक्याखालचं नाव गेलं. जूनमध्ये टेनेसीच्या वाट्याला 81 कोटी डॉलर आल्याचं जाहीर झालं. पैसा वॉशिंग्टनचा, पण ईपीबीला वळणापलीकडे येऊ द्यायचं की नाही हे अजून राज्याची राजधानी नॅशव्हिलच ठरवतं.

आमची वीज सहकारी संस्थेची आहे. राज्यानं 2017मध्ये अशा संस्थांना त्यांच्या हद्दीत इंटरनेट द्यायची मुभा दिली. म्हणून नकाशाची प्रिंट घेऊन त्यांच्या सभेला गेले. तिथल्या माणसानं वळणापासून आमच्या दारापर्यंतचे खांब बोटानं मोजले. सात भरले. मग त्यानं नोंदणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.