वाळक्या फांदीवरचा तांबट

शिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आजी म्हणायची. कोल्हापुरात मात्र शिवरात्रीला आठवडा उलटला तरी पहाटे रंकाळ्यावर मला स्वेटर घालावा लागला. मावशीकडे चार दिवस राहायला गेले होते. गळ्यात दुर्बीण, पिशवीत डबा, आणि मावशीची स्कूटर.

संध्यामठाच्या बाजूला पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा थवा होता. काळ्या अंगावर कपाळाचा तेवढा पांढरा टिळा. हळदी-कुंकू बदकांच्या दोन जोड्याही दिसल्या. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू, इतकं चपखल नाव ज्यानं ठेवलं त्याला नमस्कार. फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तशी मी निघाले.

टाऊन हॉलच्या बागेत मात्र पाय अडकला. १८७६ मध्ये पूर्ण झालेली ती दगडी इमारत, आत वस्तुसंग्रहालय, भोवती जुनी मोठी झाडं. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे पक्षीगणना, होतो, भारत त्यात २०१३ पासून आहे. त्यातल्या यादीसाठी निदान १५ मिनिटं पक्षी बघावे लागतात. त्यात भाग घ्यायला लागल्यापासून एका झाडाखाली तेवढा वेळ थांबायची सवयच लागली आहे, आणि म्हणूनच त्या दिवशी खांद्यावर पडलेला भुसा लक्षात आला.

वर बघितलं तर वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला तांबट! लाल कपाळ, पिवळा गळा, त्याखाली लाल पट्टा. एरवी तो दिसत नाही, नुसती ‘टुक टुक’ ऐकू येते, तीही चोच मिटून. इथे तो बिळात मान घालून ठोकत होता. मान बाहेर काढायचा, चोचीतला चुरा झटकायचा, पुन्हा आत. सुतार पक्ष्यासारखी ताकद त्याच्या चोचीत नसते. त्याला कुजून मऊ झालेलं लाकूडच लागतं. हिरव्यागार, नीटनेटक्या झाडात त्याला घर मिळत नाही.

पाणी घालणारे मामा जवळ आले. म्हणाले, “ती फांदी काढायचीच हाय.”

“मामा, खाली वाट नाही, बाक नाही. पिल्लं उडेपर्यंत राहू द्या की.”

त्यांनी बराच वेळ वर बघितलं. “सांगतो साहेबास्नी.”

तिथून शिवाजी पुलावरून आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेली ही गावं, आणि तीच काळीभोर, गाळाची जमीन. ऊसतोड जवळपास उरकली होती. बांधाला लागून दोन रानं होती. एकात आदल्या दिवशी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलेलं. आग चालू असताना किडे टिपायला कोतवाल जमतात, घारी घिरट्या घालतात, पण दुसऱ्या दिवशी तिथे राखेशिवाय काही नव्हतं. शेजारच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट सरीत तसंच ठेवलेलं होतं. तिथे मी २३ पिवळे धोबी मोजले, शिवाय गप्पीदासाची एक जोडी. धोब्यांची परतीची तयारी सुरू झाली होती. एकाचं डोकं अजून मळकट होतं, दुसऱ्याचं काळं झालेलं, छातीवर पिवळा रंग चढत चाललेला. महिन्या-दीड महिन्यात ते उत्तरेकडे निघतील.

“काय बगालाईसा, ताई?” बांधावरून एका काकांनी विचारलं.

“धोबी मोजतेय, काका.”

“ही शेपटी हालवणारी व्हय? पाचट ठेवल्यापास्नं लई येत्यात. वल टिकती, पाण्याची एक पाळी वाचती.”

“आणि उंदीर?”

“उंदीर हाइतच की. पर त्यास्नी घुबडं बी हाइत.” हात करून त्यांनी विहिरीकडचं आंब्याचं झाड दाखवलं. ढोलीतून पिंगळ्याचे दोन पिवळे डोळे आमच्याकडे रोखून बघत होते.

जायच्या दिवशी स्टँडवर जाण्याआधी रिक्षा टाऊन हॉलपाशी थांबवली. फांदी जागेवर होती. बीळ आता चांगलंच खोल झालं होतं, तांबटाची नुसती शेपटी बाहेर होती आणि भुसा खाली पडतच होता.