किर्लोस्कर: नोंद एक की अनेक?

पुस्तकाची सूची करणं हे काम बाहेरून कारकुनी वाटतं. नाव दिसलं की खूण करायची, पान क्रमांक टिपायचा, शेवटी सगळं अकारविल्हे लावायचं. कुणी विचारलं तर मीही एवढंच सांगते, पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

औंध संस्थानातल्या उद्योगांवरचं एक पुस्तक सूचीसाठी आलं आणि त्यातल्या एका आडनावाने माझा अख्खा दिवस खाल्ला. संगणकाने ‘किर्लोस्कर’ अशी एकच नोंद काढून दिली होती, पुढे पान क्रमांकांची लांबलचक शेपटी. त्या शेपटीत लक्ष्मणराव होते, त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना होता, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालेलं मासिक होतं, प्रास्ताविकात ओझरते येऊन गेलेले अण्णासाहेब आणि त्यांची नाटक मंडळीही होती. शिवाय किर्लोस्करवाडी. प्रोग्रामला शब्दाची सुरुवात जुळली की पुरतं. माणूस, मासिक आणि रेल्वे स्टेशन यांत तो भेदभाव करत नाही.

माणसं वेगळी काढणं सोपं गेलं, कारण मराठीच मदतीला येते. ‘किर्लोस्करांनी’, ‘किर्लोस्करांना’ असा आदरार्थी अनुस्वार दिसला की बहुतेक वेळा माणूस. ‘किर्लोस्करने नवा पंप बाजारात आणला’ म्हटलं की कंपनी. कंपनीला कुणी अहोजाहो करत नाही आणि त्यात अपमानही वाटत नाही. अनुस्वाराचा ठिपका बघत मी भराभर पानं उलटत गेले आणि एका जुन्या कामगाराच्या मुलाखतीपाशी अडले.

“वडील किर्लोस्करला आले तेव्हा सगळा माळ होता,” असं ते गृहस्थ सांगतात. पुढच्याच पानावर: “मग मीही किर्लोस्करला लागलो.” माणूस तोच, शब्द तोच, प्रत्ययही तोच. पहिल्या वाक्यात तो शब्द गाव आहे. ‘वाडी’ बोलताना गळून गेली आहे. दुसऱ्या वाक्यात तो नोकरी आहे. सूचीत मात्र दोन्ही एका ओळीत बसत नाहीत.

मी लेखकांना फोन केला. ते निवृत्त प्राध्यापक, बोलणं ठाम. “अहो बाई, सगळं लक्ष्मणरावांच्या नोंदीखाली घाला. माणूस नसता तर ते गाव तरी कुठून आलं असतं?”

त्यात खोटं काही नाही. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० साली तिथल्या निवडुंगाच्या रानात कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत होते, तो हा काळ. पण त्याच पुस्तकात हेही लिहिलंय की तिथलं स्टेशन आधी ‘कुंडल रोड’ होतं. म्हणजे ते ठिकाण लक्ष्मणरावांच्या आधी नकाशावर होतं आणि त्यांच्यानंतरही आहे, आता सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन शोधणारा वाचक ‘लक्ष्मणराव’ या नावाखाली कशाला बघेल?

“सर, माणसाचं चरित्र संपतं, गावाचं चालू राहतं. त्याला स्वतंत्र नोंद हवी,” मी म्हटलं. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, “मग किर्लोसचं काय करणार?”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. किर्लोस हे मालवण तालुक्यातलं गाव, पुस्तकात घराण्याच्या मुळाबद्दल एका वाक्यात आलेलं. त्या गावचे ते किर्लोस्कर. आपल्याकडे गावापासून आडनावं पैशाला पासरी आहेत. पण हे आडनाव उलट फिरलं आणि सह्याद्रीच्या पलीकडे नवं गाव होऊन बसलं. त्यावर कडी म्हणजे मजकुरात एके ठिकाणी ‘किर्लोस्करवाडीकर’ असा शब्द आहे. गाव, त्यावर कर, त्यावर वाडी, त्यावर पुन्हा कर! हे सांगितल्यावर सर मोठ्याने हसले आणि वादातला जोर गेला.

मग उत्साहाच्या भरात मी बाकीची गावंही तपासली. ओगलेवाडी याच जातीची: ओगले काचकारखाना, प्रभाकर कंदील, कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन. वालचंदनगर मात्र नाही. वालचंद हिराचंद यांचं आडनाव दोशी. गावाला लागलं ते पहिलं नाव. आपल्याकडे अशा नावांना वाडी, नगर, पेठ असं काहीतरी शेपूट जोडतात, म्हणून निदान लिहिताना तरी फार घोळ होत नाही. इंग्रजांचा खाक्या वेगळा. त्यांनी सर्वेक्षण खात्याच्या माजी प्रमुखाचं आडनाव जसंच्या तसं शिखराला देऊन टाकलं. एव्हरेस्ट साहेब स्वतः त्याला राजी नव्हते, तरी १८६५ साली ते नाव पक्कं झालं. आज ‘एव्हरेस्टने’ म्हटलं की डोंगरच डोळ्यांपुढे येतो. साहेबांबद्दल लिहायचं तर ‘एव्हरेस्ट यांनी’ असं मुद्दाम लिहावं लागतं.

संध्याकाळपर्यंत नोंदी सुट्या झाल्या. अकारविल्हे क्रमाने मालवणातलं किर्लोस सगळ्यांच्या वर आलं, मग व्यक्ती, कंपनी, मासिक, नाटक मंडळी, आणि शेवटी किर्लोस्करवाडी, कंसात ‘पूर्वीचे स्टेशन कुंडल रोड’. मुलाखतीतलं पहिलं वाक्य गावाखाली गेलं, दुसरं कंपनीखाली. लक्ष्मणरावांच्या नोंदीत ‘किर्लोस्करवाडी पाहा’ असा निर्देश टाकला, म्हणजे सरांचंही समाधान झालं.

प्रकाशकांचं झालं नाही. सूची एका ओळीने पानाबाहेर जात होती आणि एका ओळीसाठी नवं पान घालायला ते तयार नव्हते. “ते किर्लोस काढा ना, एकदाच तर आलंय,” असं त्यांचं म्हणणं. ते मी काढलं नाही. ओगलेवाडीची नोंद दोन ओळींत गेली होती; तिच्यातला ‘कंदील पाहा’ हा निर्देश उडवून ती एका ओळीत बसवली.