ल्युसर्नमधले बर्गे

लाकडी पूल, सिंहाचं शिल्प आणि चॉकलेटची दुकानं, एवढं झालं की स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नमधून टूरच्या बस पुढे निघतात. त्या पुलापासून नदीकाठानं दहा मिनिटं खाली चालत गेलं, तर गावाचं पाणी सांभाळणारा लाकडी पट्ट्यांचा एक जुना बंधारा अजून कामावर आहे. बंधाऱ्यात पाणी अडवायला घालतात त्या फळ्यांना आमच्याकडे बर्गे म्हणतात. माझी सगळी नोकरी कोल्हापूर भागात पाटबंधारे खात्यात झाली. ल्युसर्नला जायचं ते तेवढ्यासाठीच, असं मी मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं.

मुलगी-जावई झ्युरिकला असतात. तिथून ट्रेननं पाऊण-एक तास. स्टेशनाबाहेर पडलं की सरोवर दिसतं आणि त्यातून बाहेर पडणारी हिरवीगार रॉइस नदी. कापेलब्र्युके हा छप्पर असलेला पूल नदीवर तिरका टाकलाय. 14व्या शतकातला हा पूल गावाच्या तटबंदीचाच भाग होता, म्हणून सरोवराच्या बाजूचा कठडा जास्त उंच. आढ्याखाली 17व्या शतकातली त्रिकोणी चित्रं आहेत. ऑगस्ट 1993 मध्ये आग लागून त्यांतली बरीचशी गेली. पूल मात्र पुढच्या एप्रिलमध्ये लोकांना पुन्हा खुला केला. काळवंडलेलं लाकूड अजून दिसतं. ही मान वर करून एकेक चित्र बघत होती. शनिवार असल्यानं पलीकडच्या काठावर शेतकऱ्यांचा बाजार भरला होता. तिथून चेरी घेतल्या आणि खात खात खाली निघालो.

आणि मग तो बंधारा आला. नदीत बसवलेल्या लोखंडी सांगाड्याला टेकून उभ्या लाकडी पट्ट्या, एकीला लागून एक. खालचं टोक तळाच्या उंबऱ्याला अडकलेलं, वरचं आडव्या दांडीवर रेललेलं. पाण्याच्या दाबानंच त्या जागच्या जागी बसतात. पट्ट्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा सुटत होत्या. आपण बर्ग्यांच्या फटी मातीनं बुजवतो, इथं तशाच सोडलेल्या.

"अहो, हे तर आपले बर्गेच!" ही म्हणाली. कोल्हापूरचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा तिनंही आयुष्यभर बघितलाय.

बर्गेच, फक्त आपले आडवे, खाचांतून एकावर एक बसवलेले; यांचे उभे. हा बंधारा 1860च्या आसपासचा. चारही बाजूंच्या डोंगरांतून येणारं पाणी सरोवरात साठतं आणि बाहेर पडायला वाट ही एकच. हिवाळ्यात वर बर्फ गोठलेला, आवक कमी, तेव्हा पट्ट्या लावून सरोवराची पातळी राखायची. वसंतात बर्फ वितळायला लागलं की काढायच्या. आपण पावसाळा सरल्यावर बर्गे घालतो आणि जूनच्या आत काढतो, कारण आपल्याला उन्हाळ्यात उसाला पाणी हवं असतं. यांना बोटींसाठी आणि काठावरच्या घरांसाठी पातळी हवी. पट्ट्या आजही माणसंच हातानं काढतात-घालतात. ते काम किती जोखमीचं असतं हे मी जवळून बघितलंय. वाहत्या पाण्यातून भिजलेलं लाकूड उपसताना पाय घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही.

2005च्या जुलैअखेर पंचगंगेला पूर आला, तेव्हा आम्ही रात्रंदिवस राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी किती फूट ते मोजत होतो. त्याच ऑगस्टमध्ये ल्युसर्नमध्येही सरोवर रस्त्यांवर आलं होतं. त्यानंतर त्यांनी जुना बंधारा मोडीत काढला नाही. तो दुरुस्त केला आणि पुराचं जादा पाणी सोडायला बाजूला नवी दारं बसवली. मला हे फार पटलं. जुनं चालतंय तोवर चालवायचं, आणि कमी पडतं तिथंच नवं जोडायचं.

बंधाऱ्याच्या जरा खाली श्प्रॉयरब्र्युके, छपराचा दुसरा पूल. गिरण्यांतला कोंडा नदीत टाकायची मुभा पूर्वी या पुलापासून खालीच होती, म्हणजे गावाचं पाणी स्वच्छ राही. छपराखाली मृत्यूच्या नाचाची चित्रं आहेत, कास्पार मेग्लिंगर याच्या देखरेखीखाली 1626 ते 1635 मध्ये काढलेली. श्रीमंत असो वा धर्मगुरू, प्रत्येकाच्या शेजारी सांगाडा उभा. सिंहाच्या शिल्पापुढे फोटोसाठी रेटारेटी होती. इथं आम्ही दोघंच.

वेळ उरला तर वरच्या मुसेग तटबंदीवर जा. काही बुरुज उन्हाळ्यात फुकट बघता येतात. त्सिट बुरुजावरचं 1535चं घड्याळ गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके देतं, तो त्याचा जुना मान आहे. जिने लाकडी आणि उभे आहेत, तेव्हा गुडघे दुखत असतील तर खाली बंधाऱ्यापाशीच बसा. निदान अर्धा तास तरी द्या त्याला.