मजूर पंतप्रधान, हुजूर मंत्रिमंडळ

गेल्या रविवारी पुतण्या नौपाड्यातल्या आमच्या घरी आला, तो राज्यसेवा परीक्षेचे एक मार्गदर्शक पुस्तक घेऊनच. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून त्याने विचारले, "काका, जातीय निवाडा मजूर सरकारने दिला असं इथं छापलंय. बरोबर आहे ना?" हा निवाडा म्हणजे १९३२ मध्ये मुसलमान, शीख, अस्पृश्य अशा समाजांना विभक्त मतदारसंघ, म्हणजे त्या त्या समाजाच्या मतदारांनीच आपले प्रतिनिधी निवडण्याची सोय, देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय. तो मजूर सरकारने दिला हे बरोबर नाही, आणि ही चूक किरकोळ म्हणून सोडून द्यावी अशीही नाही. निवाड्यावर नाव ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे असले, तरी तोपर्यंत त्यांच्या स्वतःच्या मजूर पक्षाने त्यांना काढून टाकले होते, आणि ज्या मंत्रिमंडळाचे ते प्रमुख होते त्यात बहुमत हुजूर पक्षाचे होते.

मजूर सरकार पडले ते ऑगस्ट १९३१ मध्ये. अंदाजपत्रकात १२ कोटी पौंडांची तूट येईल असा अहवाल सर जॉर्ज मे यांच्या समितीने दिला होता. ती भरून काढण्यासाठी बेकारभत्त्यात १० टक्के कपात करावी की नाही, यावर मंत्रिमंडळ ११ विरुद्ध ९ असे फुटले. मॅक्डोनल्ड राजीनामा घेऊन राजवाड्यावर गेले आणि राजे पाचवे जॉर्ज यांच्या आग्रहावरून २४ ऑगस्टला 'राष्ट्रीय सरकार'चे पंतप्रधान झाले.

त्या पहिल्या मंत्रिमंडळात अवघे दहा जण होते. पुतण्याच्या वहीत मी तीन रकाने आखले आणि नावे मांडून दाखवली. मजूर रकान्यात मॅक्डोनल्ड, अर्थमंत्री स्नोडेन, वसाहतींचे मंत्री थॉमस आणि लॉर्ड चॅन्सेलर सँकी. हुजूर रकान्यात बाल्डविन, नेव्हिल चेंबरलेन, कनलिफ-लिस्टर आणि भारतमंत्री, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणारे मंत्री, सर सॅम्युएल होअर. उदारमतवादी दोनच, गृहमंत्री हर्बर्ट सॅम्युएल आणि परराष्ट्रमंत्री लॉर्ड रेडिंग. रेडिंग हे नाव लिहिताना पुतण्या थबकला, कारण त्याच्या पुस्तकात ते १९२१ ते १९२६ या काळातले व्हाइसरॉय म्हणून आले होते आणि गांधीजींची १९२२ची अटक त्यांच्याच कारकिर्दीत झाली होती. दुसऱ्या गोलमेज परिषदेत ज्या संघराज्य रचना समितीत गांधीजी आणि डॉ. आंबेडकर दोघेही बसले, तिचे अध्यक्षही याच दहांतले सँकी होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही माणसे वेगवेगळ्या धड्यांत सुटी सुटी भेटतात. ती एकाच टेबलाभोवती बसत होती हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरा पालट झाला तो ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर. राष्ट्रीय सरकारला ५५४ जागा मिळाल्या आणि त्यांतल्या बहुतेक हुजूर पक्षाच्या होत्या. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळ वीस जणांचे झाले तेव्हा त्यात हुजूर ११, दोन गटांत विभागलेले उदारमतवादी मिळून ५ आणि मॅक्डोनल्ड यांच्यासह त्यांचे सहकारी ४ अशी वाटणी होती. अर्थखाते स्नोडेन यांच्याकडून चेंबरलेन यांच्याकडे गेले, होअर मात्र भारतमंत्रिपदी कायम राहिले. परराष्ट्रखाते मिळाले सर जॉन सायमन यांना, म्हणजे ज्यांच्या आयोगाला १९२८ मध्ये आपल्याकडे काळ्या निशाणांनी 'परत जा' म्हणून सांगितले गेले होते त्यांनाच. जून १९३२ मध्ये आदल्याच वर्षी व्हाइसरॉयपद सोडलेले लॉर्ड आयर्विन शिक्षणमंत्री म्हणून त्यांत सामील झाले.

विभक्त मतदारसंघ १९०९ पासूनच अस्तित्वात होते, त्यामुळे निवाडा हुजूर पक्षाच्या डोक्यातून निघाला असे मी म्हणणार नाही. पण निर्णय बदलून घ्यायचा झाला तर दार कोणाचे ठोठवायचे, हे या वाटणीवरूनच ठरत होते. गांधीजींनी ११ मार्च १९३२ रोजी येरवडा तुरुंगातून अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ देण्यास प्राणपणाने विरोध करण्याचा इशारा दिला तो होअर यांना पत्र लिहून. १६ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला, २० सप्टेंबरला उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघांऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा देणारा हा करार लंडनने मान्य केल्याशिवाय उपोषण सुटणार नव्हते. ती मान्यता २६ तारखेला आली.

मी हे सांगत असताना पुतण्याने वहीत तारखांची उभी ओळ मांडली आणि शेवटी २८ सप्टेंबर असे लिहून पुढे जागा मोकळी ठेवली, कारण ती तारीख त्याच्या पुस्तकात नव्हती. त्या दिवशी, मान्यतेनंतर दोनच दिवसांनी, ब्रिटिश साम्राज्यातल्या व्यापाराविषयीच्या ओटावा परिषदेतल्या जकातकरारांच्या निषेधार्थ सॅम्युएल, त्यांचेच उदारमतवादी सहकारी सिंक्लेअर आणि स्नोडेन हे तिघेही मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मॅक्डोनल्ड पंतप्रधानपदी राहिले ते जून १९३५ पर्यंत. मग ती खुर्ची बाल्डविन यांच्याकडे गेली, आणि दोन महिन्यांच्या आत १९३५च्या ज्या भारत सरकार कायद्यावर राजाची मोहोर उठली त्याच्याच आधारे १९३७ मध्ये मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या.